एकच वर्ष द्या

वर्गात कोणी असो वा नसो, आमच्या पर्यवेक्षिकाबाई दारावर टकटक केल्याशिवाय आत जात नसत. मे महिन्याच्या सुट्टीत बाकं एकावर एक रचून ठेवलेली असायची, खिडक्या बंद, आत नुसती धूळ. तरी बाई बोटाच्या पेराने दार वाजवायच्या, जरा थांबायच्या आणि मगच कडी काढायच्या.

मी शाळेत नवी असताना एकदा म्हणाले, "बाई, आत कोणी नाहीये. बाहेरून कडी आहे."

"मग?"

"मग वाजवता कशाला?"

"वर्ग मुलींचा आहे, आपला नाही. न विचारता आत जायचा मान फक्त इन्स्पेक्टरला आणि मांजराला."

अशा एखाद्या बाई तुम्हीही पाहिल्या असतील. कडक इस्त्रीचं सुती पातळ, चष्म्याची दोरी मानेमागे आणि कोणाच्याही बोलण्यावर उत्तर तयार. फक्त तुमच्या बाई शाळा सुटल्यावर घरी गेल्या असतील. आमच्या बाई शाळा सुटल्यावर मुलींच्या घरी जायच्या. त्यांची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

आमची शाळा खासगी, मुलींची, मराठी माध्यमाची. मी आले ती संगणक शिकवायला. तेव्हा पुण्यात संगणक म्हणजे देवघर होतं. अख्ख्या शाळेत त्या एकाच खोलीला एसी, चपला बाहेर काढायच्या, प्रत्येक यंत्राला शिवून घेतलेली निळी खोळ. एका मुलीच्या आजोबांनी तर दारातूनच हात जोडले होते. बाईंना त्यातलं काही येत नसे आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. मला त्या 'कॉम्प्युटरबाई' म्हणायच्या. "काय कॉम्प्युटरबाई, उठले का तुमचे देव?" असं रोज सकाळी विचारायच्या. पण तासाला दाराशी उभ्या राहायच्या आणि पडद्याकडे न बघता मुलींच्या चेहऱ्यांकडे बघत राहायच्या. कोणत्या मुलीला ते यंत्र आपलंसं वाटतंय, हे त्यांना माझ्याआधी कळायचं.

सारिका त्यांना अशीच सापडली.

सारिका पुण्याच्या कडेच्या वारज्याची. घरची शेती, पण ती आता बिल्डरकडे जाऊ लागली होती. दारात ट्रॅक्टरच्या शेजारी नवीकोरी जीप उभी. पैसा आला होता आणि पोरगी दहावीला होती, म्हणजे लग्नाला उशीर कशाला, असं घरच्यांचं सरळ गणित. शाळेत ही बातमी सारिकाने रडत आणली. बाईंनी तिला नाक पुसायला सांगितलं, मला म्हणाल्या, "चल गं," आणि आम्ही दोघी रिक्षा करून वारज्याला गेलो.

बाईंची एक पद्धत होती. त्या बापाशी कधी वाद घालत नसत. मुलीची हुशारी, जमाना बदलला, मुली कुठल्या कुठे गेल्या, यातलं काही म्हणत नसत. चहा घ्यायच्या, म्हशीची चौकशी करायच्या आणि उठता उठता म्हणायच्या, "एकच वर्ष द्या. वर्षाने कुठे म्हातारी होते?"

बापाला नाही म्हणता येत नसे. वर्ष म्हणजे काय, मुलगा बघण्यातच निघून जातं. बरं म्हणून तो मोकळा व्हायचा. पुढच्या वर्षी बाई पुन्हा हजर. पुन्हा चहा, पुन्हा म्हैस, पुन्हा एकच वर्ष. किती मुली त्यांनी अशा वर्षावर्षाने वर नेल्या, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. भाजीवालीशी घासाघीस करतात ना, तितक्या सहज त्या करायच्या.

सारिकाचे वडील तिसऱ्या खेपेला हसत म्हणाले, "बाई, तुमचं वरीस लई लांब हाय बरं का."

"तुमची मुलगीही लांब पल्ल्याची आहे," बाई म्हणाल्या.

सारिकाची आई दाराच्या चौकटीला टेकून उभी असायची. ती चहा आणून ठेवायची, कप उचलायची, बोलायची नाही. एकदा मात्र आम्ही निघताना बाहेर अंगणापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "पुढल्या वर्साला बी या." बाई रिक्षात बसल्यावर मागे वळून अंगणाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपण बापाकडे मागतो, पण देते ती ही."

सारिका इंजिनिअर झाली. हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या आणि तिथल्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. आमच्या शाळेतून तिथे पोहोचलेली ती पहिली मुलगी. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन ती शाळेत आली आणि सोबत एक फोटोही. काचेच्या इमारतीसमोर उभी, उन्हाने डोळे बारीक झालेले, गळ्यात कंपनीचं कार्ड. तो फोटो बाईंनी मोठा करून घेतला आणि सभागृहाच्या भिंतीवर लावला.

त्या भिंतीचंही सांगायला हवं. इंग्रजी शाळा चहूबाजूंनी उगवल्या होत्या आणि आम्हाला पालक मिळेनासे झाले होते. पूर्वी प्रवेशासाठी पालक फाटकाबाहेर उभे राहायचे. आता आम्ही एप्रिलमध्ये 'शाळा दर्शन' ठेवायला लागलो. छोटा मांडव, रांगोळी, पोहे, मुलींचं लेझीम आणि शाळा फिरवून दाखवणं. फिरवण्याचं काम बाईंचं. "आधी लोक आपल्या दारात यायचे, आता मुलगी दाखवायची वेळ आपल्यावर आली," त्या म्हणायच्या. या फेरीचा शेवट सभागृहात व्हायचा. तिथे आमच्या नाव काढलेल्या मुलींचे फोटो होते. कोणी खो-खोत राज्यात खेळलेली, कोणी संस्कृतात पहिली, कोणी डॉक्टर. आणि मधोमध सारिका.

नोकरीला वर्ष झालं नव्हतं. एका सकाळी कंपनीची बस चुकली म्हणून सारिका भावाची स्कूटी घेऊन निघाली. बाह्यवळणावर तिला डंपरने उडवलं.

आम्ही दोघी वारज्याला गेलो. बाई त्या घरात पहिल्यांदाच काही न मागता बसल्या. पुढ्यात चहा नव्हता. सारिकाचे वडील भिंतीकडे तोंड करून होते. आईने आमच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. समोर तोच कार्डवाला फोटो होता, त्याला हार घातलेला. बाई काय बोलणार होत्या? परत येताना त्या रिक्षात एवढंच म्हणाल्या, "ती दहावीनंतर सासरी गेली असती तर आज तिला दोन मुलं असती."

"असं म्हणू नका बाई."

"का? खोटं आहे का?"

 

पुढच्या एप्रिलमध्ये 'शाळा दर्शन'च्या दिवशी बाई फाटकाशी पालकांचं स्वागत करत होत्या. मी शेजारी उभी राहून गुलाबाची फुलं देत होते. बोलता बोलता बाईंचा आवाज एकदम बसला. मी वर पाहिलं. पालकांच्या घोळक्यात सारिकाची आई उभी होती. एकटीच. धुतलेलं लुगडं, हातात पिशवी. बाई माझ्या कानात म्हणाल्या, "आली. आता बोलेल." त्यांचा हात माझ्या दंडावर होता.

ती काही बोलली नाही. फूल घेतलं, मांडवात शेवटच्या खुर्चीवर बसली, लेझीम पाहिलं. फेरी निघाली तशी इतर आयांच्या मागे चालू लागली. बाई तिला प्रयोगशाळा दाखवत होत्या, वाचनालय दाखवत होत्या, जणू ती मुलीचा प्रवेश घ्यायलाच आली होती. सभागृहात ती सारिकाच्या फोटोसमोर उभी राहिली. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, "ही सारिका. वारज्याची. आमची पहिली सॉफ्टवेअर इंजिनिअर." त्यापुढे त्या काही म्हणाल्या नाहीत. इतर आया कौतुकाने माना डोलावत पुढे गेल्या. सारिकाची आई जरा वेळ थांबली आणि निघून गेली.

मग ती दर वर्षी येऊ लागली. कोणी बोलावत नसे. आम्ही तारीख फाटकावर लावायचो, ती कुठून कोण जाणे वारज्यापर्यंत पोहोचायची. तेच शांत फिरणं, तेच फोटोसमोर थांबणं. बाई आठवडाभर आधीपासून बिथरलेल्या असायच्या. एरवी ज्यांच्या जिभेपुढे संस्थेचे अध्यक्षही जपून बोलायचे, त्या बाई फाटकाशी उभ्या राहून पदराचं टोक चुरगाळायच्या. ती आली नाही तर बरं, असंही त्यांना वाटायचं, आणि तिला यायला उशीर झाला तर दहा वेळा रस्त्यावर डोकावायच्या.

"तिने एकदा मला शिव्या द्याव्यात गं," त्या म्हणायच्या. "उभं आयुष्य मी लोकांच्या दारात जाऊन हक्काने बोलले. तिला माझ्या दारात येऊन बोलता येऊ नये?"

"तिला तसं काही वाटत नसेल."

"न वाटायला ती काय दगड आहे? मी तिची मुलगी वर्षावर्षाने मागून आणली. मागून आणलेली वस्तू परत द्यायची असते, कॉम्प्युटरबाई."

मी त्यांना समजावायची. नशीब म्हणायची, डंपर म्हणायची, रस्ते म्हणायची. त्या ऐकून घ्यायच्या. पण आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. बाईंनी मुलींच्या घरी जाणं बंद केलं होतं. कोणी मुलगी रडत आली की तिला जवळ बसवायच्या, पाणी द्यायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या. पण रिक्षा बोलावत नसत. त्या वर्षांत आमच्या काही मुली शाळेतून बोहल्यावर गेल्या. बाई त्यांच्या लग्नांना जात, अक्षता टाकत, जेवत नसत.

आणि मग तो एप्रिल आला. आमच्याकडे नव्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. फार सज्जन, देवभोळ्या, कोणाचं मन दुखवायचं नाही असा स्वभाव. भिंतीवरच्या फोटोंची ओळख करून घेताना त्यांना कळलं की यातली एक मुलगी हयात नाही. त्या हळहळल्या. इतकी वर्षं हिला साधा हार नाही? त्या स्वतः तुळशीबागेत गेल्या, चंदनाचा हार आणला आणि 'शाळा दर्शन'च्या सकाळी आपल्या हाताने सारिकाच्या फोटोला घातला. काचेवर कुंकवाचं बोटही लावलं. यात त्यांचं काय चुकलं? कोणीही चांगल्या माणसाने हेच केलं असतं. सारिकाची आई दर वर्षी येते, हे त्यांना माहीत नव्हतं आणि सांगायला हवं, असं आमच्या मनातही आलं नाही.

फेरी सभागृहात शिरली. बाई पुढे होत्या, चालता चालता खो-खोच्या मुलीचं कौतुक सांगत होत्या. सारिकाच्या फोटोशी येऊन थांबल्या. मग कोणाला काही न सांगता त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि हार काढायला लागल्या. गुडघे दुखायचे त्यांचे. मी धावले आणि स्टूल धरलं. हार खिळ्यात अडकला होता, निघत नव्हता. पालक एकमेकांकडे बघत होते.

"राहू द्या, बाई."

आवाज मागून आला. सारिकाची आई पुढे आली होती.

"आत्ता काढते. एक मिनिट. कोणीतरी उगाच—"

"राहू द्या. एकदा घातला की घातला." मग तिने बाकीच्या आयांकडे पाहिलं आणि साधेपणाने सांगितलं, "माझी लेक हाय ती. गेली."

कोणीतरी आपली मुलगी जवळ ओढली. मी इतर पालकांना पोह्यांच्या दिशेने नेलं, कारण कोणीतरी न्यायलाच हवं होतं. परत आले तेव्हा त्या दोघी सभागृहाच्या पायरीवर बसल्या होत्या. मी पाणी घेऊन उभी राहिले. पेला घ्यायला दोघींपैकी कोणीही हात पुढे केला नाही.

"घरी तिच्या गळ्यात हार हाय," सारिकाची आई म्हणत होती. "येता-जाता त्योच दिसतो. हितं तिच्या गळ्यात ते कंपनीचं कार्ड असायचं नुसतं. म्हनून यायची मी. वाटायचं, हाय हितं. येईल सांजच्याला घरी."

बाईंनी मान हलवली.

"तुमी आमच्या दारात आला नसता, बाई..." ती थांबली.

"हो," बाई म्हणाल्या.

"रोज म्हनते मी. सकाळी चूल पेटवायच्या आधी हेच म्हनते. आज तोंडानं म्हटलं."

"म्हणा. आणखी म्हणा."

पण तिच्याकडे आणखी काही नव्हतं. ती उठली, पिशवी घेतली आणि फाटकाबाहेर गेली. बाई तिच्या मागे दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. इतकी वर्षं ज्यांची वाट पाहिली ते शब्द मिळाल्यावर त्यांना हलकं वाटेल, असा माझा समज होता. तसं काही झालं नाही. त्या सरळ आत गेल्या, पोह्यांचं आवरून घेतलं, मांडववाल्याला झापलं आणि घरी गेल्या.

पुढच्या वर्षी सारिकाची आई आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी मी आले. तरी 'शाळा दर्शन'ला त्या यायच्याच. आम्ही आदराने पहिल्या रांगेत बसवायचो, त्या उठून फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या. नव्या शिक्षिका कुजबुजायच्या, बाईंना अजून शाळा सुटत नाही. मला माहीत होतं काय सुटत नव्हतं. घोळका आत गेला, मांडव भरला, की त्या माझ्याकडे बघून विचारायच्या, "आली का?" मी नकारार्थी मान हलवायची. मग त्या रिक्षा करून कोथरूडला, भावाच्या घरी, परत जायच्या.

एकदा मी म्हटलं, "बाई, आपणच जाऊन येऊ या का वारज्याला? मी येते सोबत."

"काय मागायला जाऊ?" त्या म्हणाल्या.

वारजं तोपर्यंत ओळखू येईनासं झालं होतं. सारिकाच्या घराच्या जागी इमारत उभी राहिली होती, तिच्याच एका मजल्यावर ते लोक राहत होते म्हणे. बाईंना ते सगळं ठाऊक होतं. मजलाही ठाऊक होता. म्हणजे त्या तिथवर जाऊन, खालूनच परत आल्या असणार. मी विचारलं नाही.

शेवटी त्या दवाखान्यात होत्या तेव्हा मी रोज जायची. फार बोलत नसत. जाण्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "मी त्या मुलींच्या घरी जाणं बंद करायला नको होतं गं. सारिकापायी मी बाकीच्यांना सोडलं. तिला ते आवडलं नसतं." मी म्हणाले, बऱ्या झालात की आपण दोघी जाऊ. त्या हसल्या. "वर्षभर थांब म्हणतेस का? थांबते की," म्हणाल्या. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.

एप्रिलमध्ये मी फाटकाशी उभी होते. बाई नव्हत्या आणि मी सारखी उजवीकडे वळून बोलायला जात होते. मांडव भरला, लेझीम सुरू झालं. तेवढ्यात फाटकाशी एक रिक्षा थांबली. सारिकाची आई उतरली. पाठ वाकली होती, पण मी लगेच ओळखलं. तिने एका मुलीचा हात धरला होता. पाचवीच्या प्रवेशाची असते तेवढीच, दोन घट्ट वेण्या, डोळे सारिकाचेच.

"लेकाची हाय," ती म्हणाली. "त्याला विंग्रजी शाळंत घालायची हुती. मी भांडले. म्हटलं, हिला मी नेते."



ती मांडवाकडे, सभागृहाकडे, खुर्च्यांकडे बघत होती. "बाई कुटं हायेत? या वेळी कोनी मागायला आलं न्हाई म्हनावं. मीच घेऊन आले."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. फार शब्द लागले नाहीत.

"कवा?"

"दिवाळीनंतर."

आत लेझीम चालू होतं. नात तिचा हात ओढत होती, "आजी, चल ना आत, आजी." मग तिने माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं ते मला नसावं.

"आता कुनाच्या हाती देऊ हिला?"

मी हात पुढे केला. तिने पोरीचा हात लगेच सोडला नाही.